हजारांश इंच

अर्विन टॉरगरसन शिसं ओतायचा तेव्हा शेडचं दार सताड उघडं असे, मोंटानातल्या हिवाळ्यातही. हातबंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे आमच्या नेमबाजी क्लबात पुष्कळ होते. पण ओतलेली गोळी डायमधून, म्हणजे मोजक्या भोकाच्या पोलादी साच्यातून, दाबून नेमक्या मापाची करावी ती अर्विननेच. एकेक गोळी, घाई नाही. दाबयंत्राचा दांडा ओढताना तो कुणाला तरी थोपटतोय असं वाटे.

बायकोच्या, लिओनाच्या, रिव्हॉल्वरला त्याच्या पिस्तुलापेक्षा हजारांश इंच जाड गोळी लागे. डाय दोन, ठेवायला कॉफीचा डबा एकच.

त्या उन्हाळ्यात लिओनाचे नेम ढळू लागले. चाळीस वर्षं मुठीएवढ्या जागेत गोळ्या बसवणारी बाई; आता कागदभर भोकं.

"हात गेले माझे," ती मला म्हणाली. "शनिवारी माझा भाचा रॉय येतोय. त्याला देऊन टाकते रिव्हॉल्वर."

शनिवारी सकाळी अर्विन ते शेवटचं पुसायला बसला. मी शेजारी, लिओना दारात. नळीतून उजेडाकडे पाहता पाहता तो थांबला. आत शिशाचे चकचकीत ओरखडे होते. गोळी नळीत सैल बसली की असे उठतात.

त्याने तिच्या गोळ्यांच्या डब्यातली एक गोळी मायक्रोमीटरमध्ये धरली आणि माझ्याकडे सरकवली.

"वाच."

मी चमकलो. तीस वर्षांत त्याने दुसऱ्याला माप वाचू दिलं नव्हतं.

"चारशे एक्कावन्न हजारांश," मी म्हणालो.

"बावन्न हवं. लिओना, तुझे हात ठीक आहेत. माझे डोळे गेलेत. डायवरचा आकडा वाचता येत नाही मला. तुझ्या गोळ्या माझ्याच डायमधून काढत होतो."

"किती केल्यास अशा?"

"आठशे."

"आणि मी दोन महिने हात शेकत बसले! गाढवा, चष्मा लावला असतास तर नाक झडलं असतं का?"

"म्हातारा दिसतो त्यात."

"मग आत्ता कोण दिसतोयस?"

रॉय आला तेव्हा तिने त्याला कॉफी पाजली आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. अर्विन त्या आठशेतल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या पुन्हा भांड्यात वितळवत होता. बारीक झालेली गोळी जाड करता येत नाही.

लिओना घरातून नखांना लावायचा लाल रंग घेऊन आली. आपल्या डायला तिने त्या रंगाचे दोन हात दिले आणि वाळेपर्यंत फुंकत उभी राहिली.