पलीकडे कोणी नाही

स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून माझ्या नवऱ्याने, सुहासने, भर दुपारी खिडकी लावून घेतली होती. त्या अंधाऱ्या खोलीत तो राऊटर जोडत बसला होता. इतकी वर्षं त्याने ऑफिसात खरे राऊटर सांभाळले. नोकरी गेल्यापासून लॅपटॉपमधले आभासी. खऱ्या यंत्राची सगळी अक्कल एका फाईलमध्ये असते, ती सुरू केली की स्क्रीनवर राऊटर जागा होतो, असं त्यानेच मला समजावलं होतं.

"मुलाखतीची तयारी का?" मी विचारलं.

"नाही गं. आमचं ऑफिसचं नेटवर्क होतं ना, तसंच उभं करतोय. हा नागपूर शाखेचा, हा कोल्हापूरचा."

त्याने नागपूरहून कोल्हापूरला संदेश पाठवला. लगेच उत्तर आलं. त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि मलाच भरून आलं. माणसाला कामावरून काढता येतं, पण त्याच्यातलं काम कोण काढणार? ते असं घरभर वाट शोधत फिरत राहतं.

"आता यावरून काय जातं रे?"

"काहीच नाही. पलीकडे माणसंच नाहीत," तो म्हणाला, आणि साताऱ्याचा राऊटर जोडायला घेतला.