नावापुढची ओळ

उदगीरहून महानंदाच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी नातीच्या मोबाइलवर पत्ते खेळून राहिले होते आणि, खोटं कशाला बोलू, जिंकत होते. "अक्का, मावशी सकाळी गेली," एवढंच तो बोलला. मी म्हणाले, "बरं." बरं! इतकं आयुष्य काढलेल्या बाईला दुसरा शब्द सुचू नये?... पडद्यावर पत्ते उघडे पडले होते, त्यांचं काय करावं तेही कळेना. याला आता महिना होत आला. नांदेडात बसून लिहायला घेते आणि आधी हसूच येतं, कारण तिला आठवायचं म्हटलं की माझा बावळटपणा सोबत येतोच.

लातूर वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, तरी सगळे 'नवा जिल्हा'च म्हणायचे. तिथल्या एका कचेरीत मी टायपिस्ट. लोह्याची पोर, टायपिंगची परीक्षा पास, त्यामुळं नाक सदा वर. दुष्काळ पडला, टँकरचं काम वाढलं आणि कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, दाराशी चपला काढायच्या, आत कचेरीतला एकुलता एक थंड वारा. त्यावर काम करायला महानंदा आली. उदगीरची, कपाळाला विभूती, माझ्याहून लहान. घरात कानडी असल्यानं मला अक्का म्हणायची. कॉम्प्युटरला व्हायरस होतो, असं मी कुठंतरी ऐकलेलं, म्हणून मी नाकाला पदर लावूनच आत जायची. एक दिवस ती म्हणाली, "अक्का, त्याचं तुम्हाला काही लागणार न्हाई. तुमची सर्दी त्याला लागंल, याचंच मला भ्या वाटून राहिलंय."

तेव्हा पडदा काळा असायचा. चित्रं नाहीत, माउस नाही; हुकूम टाइप करायचा. तो हुकूम ऐकून यंत्राकडून काम करून घेणाऱ्या भागाला शेल म्हणतात, हे मला तिनंच सांगितलं. यंत्राबरोबर आलेला शेल भलता खडूस. मघाशी काय सांगितलं ते त्याच्या धड लक्षात नसायचं. महानंदाच्या मावसभावानं हैदराबादेहून फ्लॉपीवर दुसराच शेल आणून दिला. "घर तेच अक्का, दारातला माणूस बदलला," ती म्हणायची. हा माणूस शहाणा होता. बाणाचं बटण दाबलं की सकाळपासूनचे सगळे हुकूम परत दाखवायचा. टँकरचा तक्ता छापायच्या लांबलचक हुकमाला तिनं 'चल' असं सुटसुटीत नाव देऊन टाकलं होतं. आणि त्यात एक मोठी गंमत होती. गावागणिक एक फाइल, फाइलच्या नावाला अक्षरं अगदी मोजकी. पण हा शेल त्या नावापुढं एक ओळ लिहू द्यायचा. आपल्या मनातली, आपल्या शब्दांत.

बाहेरचं काही सरकारी यंत्रात घालायचं नाही, असा नियम. म्हणून सकाळी फ्लॉपी घालून ती आपला शेल चालू करायची, आणि साहेब येताना दिसले की 'एक्झिट' लिहून पुन्हा सरकारी शेलवर यायची. पहारा माझा. व्हरांड्यात साहेब दिसले की मी ओरडायची, "महानंदा, भाकरी आणलीस का?" एकदा साहेब सारखे आत-बाहेर करत होते, तर शिपाई म्हणाला, "बाईला आज लई भूक लागून राहिली."

मग एका दुपारी चाकूरकडच्या एका वाडीची बाई रिकामी घागर घेऊन थेट त्या खोलीत आली.

"तुमच्या मिशनीत आमची वाडी हाय का?"

महानंदानं नाव दाखवलं. "हाय की. टँकर चालू हाय म्हणून लिवलंय."

"टँकर सडकंवर थांबतो. आमी वढा वलांडून यीस्तवर पानी सरतं. मग हितलं लिवलेलं पानी कोन पितं, बाई?"

टायपिंगची परीक्षा पास झालेली मी उठून माठाकडं गेले. आम्ही कचेरीच्या माठातलं पाणी तिच्या घागरीत ओतलं. घागर अर्धीही भरली नाही. ती गेल्यावर महानंदानं त्या वाडीच्या नावापुढं ओळ लिहिली: 'टँकर सडकेवर थांबतो. वाडी ओढ्यापलीकडे. बायका पोचेपर्यंत पाणी संपतं.' मग येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून ती बाकीच्या गावांपुढंही लिहू लागली. छापील तक्त्यात मात्र 'चालू' नाहीतर 'बंद', याहून जास्त जागा नव्हती. ओळ दिसायची ती फक्त तिच्या शेलमध्ये.

"साहेबांना दाखवते," ती म्हणाली.

"नोकरी घालवशील, पोरी."

"तक्त्यात ती वाडी पाणी पिऊन राहिली, अक्का. इथं तरी तहानलेली दिसू द्या."

त्या दिवशी मी भाकरीची हाक मारली नाही. तिनंच साहेबांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. वाकून त्यांनी पडदाभर ओळींकडं पाहिलं, आणि त्यांना दिसला तो शेल. "हे कुणी घातलं?"

"मी, साहेब. ती ओळ वाचा की."

"मशीन बिघडलं तर वर मी काय सांगू? आधी हे काढा."

तिनं 'एक्झिट' लिहिलं. फाइलींची यादी पुन्हा मागवली. नावं तीच, ओळी नाहीत. कुणी त्या पुसल्या नव्हत्या. होत्या तिथंच, यंत्राच्या पोटात. दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. फ्लॉपी साहेबांच्या कपाटात गेली. आम्ही तालुक्याला फोन केले, तिकडून दर वेळी "बघतो" आलं. ती बाई परत आली नाही. पाणी मिळालं म्हणून, की गाव सोडलं म्हणून... कळलं नाही. कुणाला विचारायचं तेही कळलं नाही.

परवा उदगीरला जाऊन आले. तिच्या स्वयंपाकघरात चहा टाकायला उभी राहिले, तर फळीवरच्या प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलेला. 'तूर. शेजारच्या सुनेनं दिली. शिजायला वेळ लावते, चिडू नये.' 'गूळ. मुंग्या येतात, त्यांचाही आहे.' 'चहा. अक्का आली तर चमचाभर जास्त. कबूल करत नाही, पण कडकच लागतो.'

भाचेसून मागून म्हणाली, "अक्का, डबे घासायला काढायचेत. हे कागद काढून टाकू का?"

"थांब गं," मी म्हणाले. "आधी वाचू दे."

आणि एकेक डबा खाली घेऊन मी मोठ्यानं वाचत राहिले. चहा आटून गेला.