पोत्याखालचं हिरवं

ताईच्या खतावर औषध मी ओतलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

ताई माझी मोठी बहीण. भावजी गेल्यावर ती आमच्याकडे विजय नगरला आली. घरात पाहुण्यासारखी वावरायची. हक्काने वागायची ती फक्त मागच्या वाफ्यात. त्या मातीत मर रोग होता; टमाटरची रोपं फुलावर यायची आणि उभ्या उभ्या माना टाकायची. मी तिथे फरशी घालणार होतो.

"एक हिवाळा दे मला," ती म्हणाली.

तिने स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत केलं, त्यात ट्रायकोडर्माची भुकटी कालवली आणि ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवलं. ही बुरशी वाईट बुरशीला खाते, असं काहीतरी ती सांगायची. मी पेपरमागून हो-हो म्हणायचो. त्या हिवाळ्यात झाडं उभी राहिली. शेजारीण म्हणाली, "दीदी, आपके हाथ में तो जादू है!"

पुढच्या वर्षी ताई नात्यातल्या एका लग्नाला नागपूरला गेली. जाताना बजावलं, "रोज थोडं पाणी शिंपडजो. बाकी काही करू नको."

दोन-चार दिवसांनी पोतं उचललं तर खतावर हिरवी बुरशी. मला वाटलं, पाणी जास्त झालं, माझ्यामुळे सडलं. एवढंही जमलं नाही तुला, असं ती म्हणेल. गुलाबासाठी आणलेलं बुरशीनाशक पडलं होतं. बादलीभर कालवून ओतलं. हिरवं गेलं. मी खूश.

ताईने आल्या आल्या पोतं उचललं, मूठभर खत नाकाशी धरलं.

"हिरवं कुठं गेलं रे?"

"कोणतं हिरवं?"

"तेच तर औषध होतं." मग स्वतःच म्हणाली, "सुकलं असेल. पोतं पातळ होतं माझं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा मागितला.

रोपं तयार होती, म्हणून तिने तेच खत घातलं. शेजारणीलाही घमेलंभर दिलं. दोन्हीकडची झाडं कोमेजली. ताईने एक खोड चिरलं. आत तपकिरी रेघ, मर रोगाचीच. "क्या दीदी, जादू खतम?" शेजारीण हसली, ताईही हसली. मग मला म्हणाली, "घाल तुझी फरशी."

त्या उन्हाळ्यात ती नागपूरला मुलाकडे गेली, कायमची. मीच गाडीने सोडायला गेलो. तिलवाऱ्याचा पूल यायच्या आधी सांगायचं, असं ठरवलं होतं. पूल आला. तिने नर्मदेला हात जोडले. पुढे नागपूरपर्यंत आम्ही भाचीच्या सासरबद्दल बोलत राहिलो.

फरशी मी घातली नाही. आता खत मी करतो, तिच्यासारखंच. सकाळी पोतं उचललं की रानातल्या ओल्या मातीचा वास येतो, आणि मी मागच्या दाराकडे वळतो: ताई, बघ, आलं हिरवं. दारात कुणी नसतं.

परवा तिचा फोन आला. "टमाटर कसे आहेत?"

"उभे आहेत."

"अच्छा! म्हणजे तुझा हात चांगला. माझंच काही चुकून राहिलं होतं, नाही काय?"

"आवाज येऊन नाही राहिला, ताई," मी म्हटलं. आवाज स्वच्छ येत होता.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे एवढं वाक्य तिच्यासमोर बसून बोलणं, आणि मग तिचा वाफा तिला परत देणं, अजून माझ्याकडे बाकी आहे.