रत्नाअक्काचा ळ

आधीच सांगतो, मी तोंडाचा फाटका माणूस आहे. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या प्रेसमध्ये छपाईचं मशीन चालवता चालवता एकतीस वर्षं झाली. मशीनच्या खडखडाटावरून ओरडून बोलायची सवय, त्यामुळे मी नुसतं "चहा आला का?" विचारलं तरी लोकांना वाटतं तोताराम भांडतोय. पण त्या मंगळवारी मी खरंच भांडलो. तेही रत्नाअक्कासाठी. आणि गंमत म्हणजे तिला हे जमणार नाही असं महिनाभर सगळ्यांना सांगत फिरणारा मीच होतो.

रत्ना आमच्याकडे कॉम्प्युटरवर बसते. लग्नपत्रिका, बिलबुकं, केळीच्या खोक्यांवरची चित्रं, दशक्रियेची पत्रं, जे काही मशीनवर येतं ते आधी तिच्या हातून जातं. माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे, पण अख्खा प्रेस तिला अक्का म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. माहेर धुळ्याचं, देवपूरचं. तिथल्या एका छापखान्यात अठराव्या वर्षी शिशाचे खिळे जुळवायला लागली. लग्न होऊन जळगावात आली तोवर खिळे गेले होते आणि कॉम्प्युटर आले होते. तेव्हा मोठे शेठ म्हणाले, "बाई, हे तुम्हाला जमेल का?" ती म्हणाली, "दाखवून तर बघा." त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली.

आता शेठ थकलेत, कारभार त्यांच्या मुलाकडे, नीलेशकडे. पोरगा वाईट नाही, पण घाई फार. उन्हाळ्यात पुण्याला जाऊन आला आणि जुना कॉम्प्युटर बदल्यात देऊन नव्या कंपनीचा, नव्या जातीचा घेऊन आला. सोबत एक नाही, दोन पडदे. एकावर चित्र उघडायचं, दुसऱ्यावर रंगांचे आणि हत्यारांचे डबे मांडायचे. आणि अक्काला सरळ सांगितलं, "अक्का, महिनाभर बघू. समाजाची पुस्तिका यात निघाली तर ठीक, नाहीतर तुम्ही काउंटरवर बसा, फोन घ्या. इथे शिकलेली मुलगी आणू."

काउंटर! जिने अर्ध्या जिल्ह्याच्या पत्रिका जुळवल्या तिने "हॅलो, पत्रिका तयार नाही, उद्या या" म्हणत बसायचं. मला वाईट वाटलं. पण मला हेही वाटलं की आता अक्काचं खरं नाही. एक्कावन्नाव्या वर्षी हे नवं खूळ कुणाला जमतं?

पहिले चार दिवस बघवत नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरवर बरीचशी कामं करंगळीने कोपऱ्यातलं बटण दाबून व्हायची. नव्यात तेच काम अंगठ्याकडे. अठ्ठावीस वर्षांची करंगळी, ती ऐकते होय? आपोआप कोपऱ्यात जायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. पाचव्या दिवशी अक्काने बाइंडिंगच्या टेबलावरची चिकटपट्टी घेतली आणि डाव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली. तशीच आठ दिवस बसली. पत्रिका घ्यायला आलेले लोक विचारायचे, "अक्का, लागलं का हो?" ती म्हणायची, "नाही, शाळेत घातलीय."

दुसरी कटकट पडद्यांची. माउस उजवीकडे ढकलला की बाण उजव्या भिंतीला धडकून थांबायचा. डावीकडे ढकलला की उजव्या पडद्यावर उगवायचा. ती म्हणायची मी चुकतेय, मी म्हणायचो वय झालं. नीलेशने दोनदा बघितलं, "सेटिंग करतो" म्हणाला आणि फोन आला म्हणून गेला. शेवटी एके दिवशी अक्का उठली, पदर खोचला, वायरी न काढता दोन्ही पडदे उचलले आणि डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा केला. बसली. बाण सरळ चालायला लागला.

"अक्का, सेटिंग?" मी म्हणालो.

"झालं की, तोतारामभाऊ."

तेव्हा मी मनात म्हटलं, ही बया हटणाऱ्यातली नाही. पण तोंडाने कबूल केलं नाही, एवढा मी चांगला नाही.

आता पुस्तिकेचं सांगतो. यावलचे योगराज नाना दरवर्षी समाजाचा वधू-वर मेळावा भरवतात. मुलामुलींची माहिती एका पुस्तिकेत छापतात, सहाशे-साडेसहाशे नावं. सहा महिने फॉर्म येत राहतात. अक्काने ते जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्या अक्षरांत आधीच उतरवून ठेवले होते आणि फॉर्म नाना परत घेऊन गेले होते. फक्त सजवून छापायचं बाकी होतं. मेळावा रविवारी. पण नव्या कॉम्प्युटरवर तिची फाइल उघडली तर काय, मराठी गायब! नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुना फॉन्ट या जातीच्या कॉम्प्युटरवर चालतच नव्हता.

नीलेश हसला. "घाबरू नका. इंटरनेटवर यंत्र आहे, दोन मिनिटांत नव्या मराठीत करून देतं." आणि दिलंही. अक्का म्हणाली, "एकदा मी पूर्ण वाचते." तो म्हणाला, "अक्का, मशीनने केलंय, वाचायचं काय त्यात?" फोटो कसे बसले, रंग कसे आले, एवढं बघून त्याने शेवटच्या फर्म्याचं, म्हणजे शेवटच्या सोळा पानांचं, प्रूफ काढलं आणि माझ्याकडे पाठवलं.

मी चष्मा लावला. शेवटच्या पानावर प्रेसचं नाव, पत्ता, आणि खाली दरवर्षी असते ती ओळ. यंदा ती अशी होती:

अक्षरजुणी : रत्ना भूषण पाटील.

जुनी! माझं डोकंच फिरलं. अरे, काढायचं तर काढ बाईला, पण छापून जुनी म्हणतोस? तेही न चा ण करून? मी मशीन बंद केलं, प्रूफ हातात घेतलं आणि नीलेशच्या टेबलावर आपटलं.

"लाज वाटते का रे? तुझ्या बापाने कधी तिला अगं-तुगं केलं नाही, आणि तू साडेसहाशे घरांत तिला जुनी म्हणून वाटतोस?"

तो बघतच राहिला. "तोतारामआबा, मी कुठे काय लिहिलं?"

अक्का उठून आली. तिने कागद घेतला, क्षणभर बघितला आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं रडते आता. पण ती म्हणाली, "जुनी नाही, भाऊ. अक्षरजुळणी होतं ते. ळ गेलाय."

"एक अक्षर ना? घालू," नीलेश म्हणाला.

"बाकीची पानं आणा."

आणली. अरे देवा! जळगावचं जगाव झालेलं, भुसावळचं भुसाव. धुळ्याची मात्रा अधांतरी लटकलेली. टाकळी गावची टाकी झालेली. स्वभाव प्रेमळ, तर तिथे स्वभाव : प्रेम. कुळ होतं तिथे नुसतं कु. मंगळ आहे, नाही, सौम्य आहे, सगळ्यांचा मंग झालेला. त्या यंत्राने पुस्तिकेतला ळ म्हणून ठेवला नव्हता. आणि आपल्या खानदेशात ळ काढला तर उरतं काय हो?

नीलेशला घाम फुटला, पण हसून न्यायची खोड जाईना. "तसंही आपल्याकडे ळ बोलतं कोण? सगळे जयगाव, धुयेच म्हणतात."

अक्का इतक्या वर्षांत कधी मालकावर चढली नव्हती. त्या दिवशी चढली, आणि राग आला की ती देवपूरची होते, अहिराणीत बोलते. "बोलतस नही म्हनीसन लिखानंच नही का?" मग म्हणाली, "नीलेशभाऊ, फॉर्मवर लोक बोलतात तसंच लिहितात. जयगाव, धुये, टाकयी. सहा महिने तो एकेक य काढून मी ळ बसवलाय. कुणाच्या मुलीला बघायला येणारे लोक पुस्तिकेत आधी तिचं नाव-गाव वाचतात. ते चुकलं तर हसू त्या मुलीचं होतं, आपलं नाही."

नीलेश म्हणाला, "जगाव शोधून एका फटक्यात जळगाव करू."

"करा. पण इथे मंजु लिहिलंय. ती मंजु आहे की मंजुळ? सांगा."

कोण सांगणार? फॉर्म परत मागवले तरी त्यांत य; खरा य कुठला आणि ळ चा कुठला, ते पुन्हा निवडत बसायचं. जुना कॉम्प्युटर गेलेला. नानांना काय तोंड दाखवायचं म्हणून नीलेश डोकं धरून बसला. अक्का मात्र आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. डाव्या पडद्यावर तिने ती जुनी खिचडी उघडली, उजव्यावर नवी पुस्तिका. मी मागे जाऊन उभा राहिलो. डावीकडे लिहिलं होतं, tGxko.

"हे काय?" मी विचारलं.

"जळगाव."

"कशावरून?"

"कोणत्या बटणाला कोणतं अक्षर, ते बोटांना पाठ आहे ना. पहिलं बटण ज, मग हा मोठा G म्हणजे ळ, मग ग, काना, व. हाई बठ्ठं मी वाचस, भाऊ." हे सगळं मी वाचते म्हणाली, आणि खरंच वाचायला लागली, पेपर वाचावा तसं. मंजुळ. सावळा रंग. मौजे टाकळी. नीलेशचं तोंड उघडंच राहिलं. माझंही राहिलं असेल.

मग तिचं काम सुरू झालं. डावीकडे मोठा G शोधायचा, उजवीकडे त्याच जागी ळ बसवायचा. ऐकायला सोपं आहे. पण नव्या कॉम्प्युटरच्या मराठीत ळ भलत्याच बटणावर, ल च्या बटणावर शिफ्ट दाबून. म्हणजे डोळ्यांनी जुनं वाचायचं आणि बोटांनी नवं लिहायचं. पहिल्या तासात तिने दहा वेळा चूक केली, दहा वेळा पुसली. मग करंगळीला पुन्हा पट्टी बांधली. दुकान उघडलं की बसायची, बंद झालं की उठायची. मी जेवणाचा डबा तिच्या टेबलावर नेऊन ठेवायचो. मंगळवारची दुपार, बुधवार, गुरुवार. नीलेश येता-जाता मागे उभा राहून बघायचा. मी तर देवाला हात जोडले होते, कशाला खोटं बोलू?

गुरुवारी चारच्या सुमारास तिने हाक मारली. चौदाशेच्या वर ळ बसले होते. मी पाच पानं कुठूनही काढून तपासली, एक चूक सापडली नाही. मी म्हणालो, "द्या प्लेटला, छापायला घेतो."

"एक राहिलाय," ती म्हणाली.

शेवटचं पान तिने उघडलं. अक्षरजुणी : रत्ना भूषण पाटील. तशीच ओळ. अक्का खुर्चीवरून उठली, बोटावरची पट्टी सोडवली.

"नीलेशभाऊ, हा एक तुम्ही बसवा."

तो बसला. बाण डाव्या पडद्यावर राहिला होता. त्याने माउस डावीकडे ढकलला, भिंतीला धडकला. मग उजवीकडे आणला. ज आणि ण यांच्या मधे नेता नेता दोनदा घसरला. मग बटण शोधायला लागला. पहिल्यांदा ल उमटला, पुसला. अक्काने वाकून फक्त बोट दाखवलं. शिफ्ट दाबून त्याने पुन्हा तेच बटण दाबलं आणि ळ आला. अक्षरजुळणी. तो तिथेच बघत बसला.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. आम्ही तिघांनीही तिकडे बघितलं. सवयीने अक्काचा पाय पुढे पडला.

"बसा अक्का," नीलेश खुर्ची रिकामी करत म्हणाला, "फोन मी घेतो."