विहीणबाईंना कोणी काही विचारू नका

"पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर," डॉक्टरबाई म्हणाल्या. तेवढ्यात बाहेर कुणाची तरी खुर्ची पडली आणि माझ्या विहीणबाई उठून थेट दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "बघा, हेच. संकट टळलं तरी शरीर ते मानत नाही. सतत सावध राहतं, झोप उडते."

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची, किमची आई. मणिपूरच्या हिंसाचारात त्यांचं घर जळलं. बरेच महिने छावणीत काढून त्या आमच्याकडे उमेळ्याला आल्या. चपला घालूनच झोपायच्या. मिक्सर लावला की मागच्या वाडीत पळायच्या. अन्न जात नव्हतं, दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. आई हातची जाते की काय, या धास्तीने किम अर्धी झाली होती.

मी काय कमी केलं होतं? आमच्या गावात दुःखाच्या घरी माणसं भेटायला येतात आणि येणारीला सगळं पहिल्यापासून सांगायचं, ही रीतच. मीच निरोप धाडले. रोज दुपारी बायका यायच्या. शेजारची काशीबाय हात धरून म्हणायची, "बोल बाय, बोलल्यान मन हलका होतं. आधी पानी पी." विहीणबाई मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायच्या. दुसरी आली की पुन्हा पहिल्यापासून.

हे मी डॉक्टरबाईंना कौतुकाने सांगितलं.

"म्हणजे रोज दुपारी त्यांचं घर पुन्हा जळतंय," त्या म्हणाल्या. "बोलतील त्या, पण त्यांना वाटेल तेव्हा, वाटेल तेवढंच. तुम्ही विचारायचं नाही."

मला रागच आला. रिक्षात घरापर्यंत धुसफुसत होते. केलं ते मायेनंच ना?

गोळ्या सुरू झाल्या. काउन्सेलिंगही, म्हणजे जाणकार माणसाजवळ बसून आपल्या चालीने बोलणं. मी ओट्यावर पहारेकरीण होऊन बसले. "बसायचं तर वाल सोला, विचारपूस नको," असं तोंडावर सांगायची. काशीबाय रुसली ती रुसलीच. मला तरी कुठे धीर होता? जेवल्या का, डोळा लागला का, म्हणून दहादा खोलीत डोकावायची. तुमच्या घरी असं माणूस आलं, तर हे डोकावणंसुद्धा जरा आवरा.

हळूहळू भात जाऊ लागला. झोप अजून तुटकच आहे, पण आहे.

परवा दुपारी त्या आमच्या ह्यांच्या हार घातलेल्या फोटोपाशी थांबल्या. "ये कैसे आदमी थे?"

हे गेले तेव्हा कसे गेले, ते मी गावभर सांगितलं होतं. अगदी पाठ झालं होतं. कसे होते, हे कुणी विचारलंच नव्हतं. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

विहीणबाई शेजारी बसल्या. "मन हो तो बोलना," म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही.