कापसाखालचे दगड

तापीवर आमच्या गावाजवळ आता पूल झाला आहे. त्यावरून कापसाचा ट्रक जाताना दिसला की मी अजून त्याचा थर किती उंच आहे ते आधी बघते. सवय जात नाही. ऐंशीच्या दशकात आम्हाला जळगावकडे जायला जवळचा रस्ता म्हणजे नाव, आणि ती नाव आमच्या घरची होती. सपाट बुडाची, रुंद, लाकडी. ज्वारीची पोती, केळीचे घड, एकदा तर विहिरीवरचं अख्खं इंजिन तिने पलीकडे नेलं.

सगळ्यात अवघड माल कोणता असं कोणी विचारलं की माझे मालक म्हणायचे, "कापूस." लोक हसायचे. पण पोती बुडाशी बसतात आणि नावेला स्थिर ठेवतात. कापूस हलका, म्हणून माणूस चढवतच जातो; नाव दबत नाही, नुसता ढीग उंच होतो आणि वारा त्यालाच धरतो. म्हणून कापूस न्यायचा असला की मालक आधी फळ्यांखाली नदीतले काळे दगड रचायचे. फुकटचं ओझं वाहतो म्हणून गावाने त्यांची भरपूर टिंगल केली.

मग ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत कावीळ झाली आणि मालक गेले.

नाव मला हाकता येत होती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी वल्हं मारत होते. पण आमच्याकडे नवा कापूस हळदकुंकू लावून घराबाहेर काढतात, आणि त्याला विधवेचा हात चालत नव्हता. गाड्या घाटावर यायच्या, मला बघायच्या आणि लांबच्या पुलाकडे वळायच्या. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे. नदीला मी चालत होते, यांना चालत नव्हते! नाव अशीच रिकामी राहिली तर ती विकून दुसऱ्याच्या शेतात राबावं लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

एके सकाळी एक म्हातारे शेतकरी गाडी घेऊन आले. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. त्यांनी कापसाची गाठोडी उतरवली. मी दगड रचले, वर कापूस लावला. शेवटचा थर नको, असं मी म्हणाले, तर नाना म्हणाले, "कापूसच शे ना, त्याले कसानं वजन?" इतक्या दिवसांत आलेलं एकच गिऱ्हाईक. मी तोही थर चढवला.

नदीच्या मधोमध सातपुड्याकडून वारा सुटला. नाव एका अंगावर कलली आणि पाणी आत आलं. नाना घाबरले. जड ते आधी टाकावं म्हणून फळी उचलून दगडाला हात घालायला वाकले.

मी ओरडले, "दगडले हात लावू नका, नाना! वरला कापूस फेका!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभराची मेहनत होती ती. हे काही माझं ऐकणार नाहीत असं मला वाटलं, आणि आपण बुडालो तर गाव काय म्हणेल तेही ऐकू आलं. मग नाना उठले आणि वरची गाठोडी त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत लोटली. नाव हळूहळू सरळ झाली. मी ती पलीकडे लावली. उतरल्यावर नाना रामराम न करता निघून गेले.

संपलं सगळं, असं मी धरून चालले. नाव विकत घेईल अशा माणसाला निरोपही धाडला.

तो माणूस यायच्या आधी नानांची गाडी पुन्हा घाटावर आली. मागे आणखी दोन गाड्या होत्या. नानांनी आधी कापूस उतरवला नाही. गाडीच्या पुढच्या भागातून त्यांनी एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"हाऊ बी खाले ठेव, बाई. मन्हा वावरना शे."

मी हात पुढे केले. त्यांच्या शेतातल्या त्या दगडाला हळदकुंकू लावलेलं होतं.