बावन्न वर्षांचा बैल

माझ्या नवऱ्यासाठी मी एकदा गुरांचा डॉक्टर घरी बोलावला होता. तेव्हा मी काही अगदीच अडाणी नव्हते, चांगली दहावी पास होते. (गणितात काठावर, पण पास!)

आमचे हे बावन्नाचे झाले आणि एकाएकी मंदावले. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन गाणी म्हणणारा माणूस हातात घास धरून डुलक्या घ्यायला लागला! रात्रीचं घोरणं वाढलं, हसणं तर बंदच. मी मुद्दाम भांडण काढलं, तर "बरं" म्हणून कुशीवर वळले. माझा जीव कळवळला की हो!

धाराशिवच्या डॉक्टरांनी दुपारी रक्त घेतलं. म्हणाले, "टेस्टोस्टेरॉन कमी दिसतंय. पुरुषाच्या अंगातलं हार्मोन असतं ते. पण सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासू. तेव्हाही कमी निघालं तर इंजेक्शनांचा विचार करू. सुरू केली तर बरीच वर्षं घ्यावी लागतील. घरी बोलून ठरवा."

घरी आल्यावर हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

झालं! आता उपाशी माणूस मी घराबाहेर कसा काढू? रोज सकाळी भाकरी खाऊ घालायची आणि तपासणी राहायची. त्यात मी शेतकऱ्याची लेक. खच्ची केलेला बैल किती गरीब आणि वळू कसा कुंपण मोडून पळतो, हे जन्मभर पाहिलेलं. इंजेक्शन न द्यावं तर हे असे निजलेले. द्यावं तर पार वाशी तालुक्यापर्यंत उधळायचे! विचारायचं कुणाला? नणंदेला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेंबळी गावाला कळलं असतं.

मग मला थोर अक्कल सुचली. वळूचं ज्याला कळतं, त्यालाच विचारावं! गेले जनावरांच्या दवाखान्यात. तिथं ही गर्दी. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आईची शिकवण. पदर तोंडाला लावून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, घरी लई सुस्ती आलीया."

"एक हाय का जोडी?"

"एकच की!" मी लाजले. (दुसरा कुठनं आणू?)

"कामाचं कसं?"

"शेतात नेलं की बांधावर बसकण."

"मारका हाय का?"

"छे हो! पहिल्यापासनं गरीब. पण इंजेक्शन दिल्यावर अंगावर तर यायचं न्हाय ना?"

"बघितल्याबिगर कसं सांगू, मावशी? उद्या सकाळी येतो. खायला काही घालू नका. आन् कुठं जाऊ देऊ नका."

डॉक्टरचा हुकूम! दुसऱ्या दिवशी यांना ओसरीवर बसवून ठेवलं.

"अगं, भाकर न्हाय तर न्हाय, चहा तरी दे!"

"डॉक्टर यायलेत. गप बसा."

डॉक्टर आले. एका हातात दोरखंड, दुसऱ्या हातात मनगटाएवढी सिरिंज. "कुठाय?"

"हे काय, बसलेत की!"

डॉक्टरांनी यांच्या डोक्यावरून मागं रिकाम्या गोठ्याकडं बघितलं. "मला तर दिसंना. वय तरी किती?"

"बावन्न."

दोरखंड खाली पडला. यांनी सिरिंजकडं बघितलं, दोरखंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि काय सांगू, कित्येक महिन्यांनी माझा नवरा हसला! खांबाला धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर!

हसता हसता डॉक्टर म्हणाले, "मावशी, माणसाचं औषध माझ्याकडं न्हाय. पण उपाशी हायेत तर आत्ताच धाराशिवला न्या."

नेलं. या खेपेला आकडा व्यवस्थित निघाला. "इंजेक्शन नको," तिथले डॉक्टर म्हणाले. "पोट कमी करा. घोरण्यानं झोप मोडून ही सुस्ती येते का, ते तपासू." (ते पोट कुणाच्या भाकरीनं वाढलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.)

बाहेर एसटी स्टँडवर हे माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अगं, आता तरी माझं नाव घ्यायला शीक. न्हायतर पुढच्या बारीला नाकात वेसण घालूनच घरी नेशील!"